आधी एक तुळई हाताने सोडव

भाऊ, गावात राहून एफईएम (रचनेचे छोटे तुकडे करून संगणकावर ताण-वाक काढायची पद्धत) शिकतोयस, मनापासून आनंद झाला. फक्त नाल्यावरच्या पुलाचं मॉडेल आत्ताच घेऊ नको. दोन टोकांवर टेकलेली तुळई घे, मधोमध भार ठेव. मधला वाक म्हणजे पी गुणिले एल घन, भागिले ४८ ई आय (पी भार, एल लांबी, ई साहित्याचा ताठरपणा, आय छेदाच्या आकारावरून येणारा जडत्व-आघूर्ण); सॉफ्टवेअरचं उत्तर याच्याशी जुळव.

सुरुवातीला घोळ होतो तो बहुतेक आधारांत. तीच टोकं पूर्ण जखडली, तर वाक चौथाईवर येतो, आणि रंगीत चित्र तरीही सुंदरच दिसतं! म्हणून दरवेळी:
- आधारांच्या प्रतिक्रियांची (आधार तुळईला वर ढकलतात त्या बलांची) बेरीज एकूण भाराइतकी आहे का?
- न्यूटन-मिलिमीटर की किलोन्यूटन-मीटर? एकच धर.

पुढे स्लॅब घेशील तेव्हा जाळी (मॉडेलचे तुकडे) निम्मी बारीक करून वाक पुन्हा बघ. नॉनलिनिअर, भूकंप वगैरे सध्या राहू दे. तुळईचं उत्तर आलं की आकडे पाठव, मी तपासतो.