विश्व 'प्रसरण' पावतंय, मग आपण का नाही?

प्रश्न असा आलाय की "विश्व प्रसरण पावतंय" म्हणतात, मग त्यात सूर्यमाला, पृथ्वी, आपण सगळेच फुगत असणार ना, आणि तसं नसेल तर 'प्रसरण' शब्दच चुकीचा नाही का, 'विस्तार' म्हणावं का?

शब्द चुकीचा नाहीये, पण तो आपल्याला शाळेत भेटतो तो उष्णतेच्या धड्यात. लोखंड तापलं की प्रसरण पावतं, आणि तिथे सळईचा प्रत्येक भाग खरंच लांबतो, तेच चित्र डोक्यात ठेवून आपण विश्वाकडे बघतो आणि घोळ होतो. 'प्रसरण'चा मूळ संस्कृत धातू (क्रियापदाचं मूळ रूप) 'सृ', म्हणजे सरणं, आपलं 'पसरणं' त्यातूनच आलंय, ताणणं वगैरे त्यात काही नाही. 'विस्तार'मधला धातू 'स्तृ' म्हणजे अंथरणं, त्यामुळे शब्द बदलून फार काही हाती लागत नाही.

माझ्या मते समजावून सांगताना क्रियापद 'पांगणं' घ्यावं. जत्रा संपली की माणसं पांगतात, पण हात धरलेलं कुटुंब एकत्रच राहतं. आणि गंमत म्हणजे एकटी वस्तू पांगूच शकत नाही, त्यामुळे 'मी पण पांगतोय का' हा प्रश्नच उरत नाही :)

आता हात धरलेले कोण, तर गुरुत्वबद्ध वस्तू, म्हणजे एकमेकींच्या गुरुत्वाकर्षणाने बांधलेल्या. देवयानी (अँड्रोमेडा) दीर्घिका, म्हणजे आपल्या आकाशगंगेसारखाच ताऱ्यांचा प्रचंड समूह, २५ लाख प्रकाशवर्षं लांब आहे तरी ती आपल्या आकाशगंगेकडे सेकंदाला साधारण ११० किमी वेगाने येतेय. प्रसरणाचा दर धरतात दर मेगापार्सेक अंतरामागे (साधारण ३३ लाख प्रकाशवर्षं) सेकंदाला ७० किमीच्या आसपास. तोच दर सूर्यमालेला लावला तर पृथ्वी-सूर्य अंतर वर्षाला दहा-अकरा मीटर वाढायला हवं, आणि मंगळावरच्या यानांशी रेडिओ सिग्नलने अंतरं इतकी बारीक मोजतात की एवढी वाढ लपलीच नसती. चंद्राचं मात्र जपून, तो वर्षाला ३.८ सेंमी लांब जातोय हे खरं, आणि वरच्या हिशोबाने पावणेतीन सेंमी येतात म्हणून काहीजण लगेच "बघा प्रसरण!" म्हणतात, पण ते भरती-ओहोटीचं काम आहे, पृथ्वीचं स्वतःभोवती फिरणं त्याच कारणाने मंदावतंय.

आणि 'प्रसरण पावू पाहतं पण गुरुत्व अडवून धरतं' असं जे लिहितात तेही जरा सैलच. आइनस्टाइन आणि त्यांचे सहकारी स्ट्राउस यांनी १९४५ मध्ये गणिताने दाखवलं की पसरणाऱ्या विश्वात ताऱ्याभोवती रिकामी पोकळी धरली तर तिच्या आतलं गुरुत्व बाहेरच्या प्रसरणाची दखलच घेत नाही. डार्क एनर्जीचा (प्रसरणाचा वेग वाढवणारी, अजून नीट न उलगडलेली ऊर्जा) किंचित रेटा असतो म्हणा, पण त्याने कक्षा नावापुरती बदलते, वर्षानुवर्षं वाढत जात नाही.

त्यामुळे पाठ्यपुस्तकात 'प्रसरण' राहू द्या, फक्त वाक्याचा कर्ता तपासा. "दीर्घिकासमूह एकमेकांपासून दूर सरतायत" हे बरोबर, "सगळं काही प्रसरण पावतंय" हे चूक.