ट्यूमर व्हायरसची जनुकं शिकताय? आधी आरबी आणि पी५३

सगळ्या विषाणूंच्या जनुकांचा तक्ता पाठ करायला घेतलाय, तो तूर्त बाजूला ठेवा. आधी एकच प्रश्न धरा: ट्यूमर व्हायरस, म्हणजे गाठी निर्माण करू शकणारा विषाणू, पेशीला विभाजनाकडे ढकलतोच कशासाठी? पॅपिलोमासारख्या छोट्या डीएनए विषाणूकडे स्वतःचं डीएनए पॉलिमरेज, म्हणजे डीएनएची प्रत काढणारं प्रथिन, नसतं. त्याला पेशीची यंत्रणा लागते, आणि ती चालते एस टप्प्यात, म्हणजे विभाजनाआधी पेशी स्वतःच्या डीएनएची प्रत काढते तेव्हा. म्हणून शांत बसलेल्या पेशीला तो जबरदस्तीने तिकडे ढकलतो. कर्करोग हा त्याचा हेतू नव्हे. तिथे बहुतेकदा विषाणूचं स्वतःचं चक्रच अर्धवट राहतं. हे एकदा पटलं की बाकीचं भराभर जुळत जातं.

मग पेशीची दोनच प्रथिनं पक्की करा:

- आरबी: हे ई२एफला, म्हणजे एस टप्प्याची जनुकं चालू करणाऱ्या प्रथिनाला, धरून ठेवतं, म्हणून पेशी जी१ मध्ये, एसच्या आधीच्या टप्प्यात, थांबते. एचपीव्हीचं (माणसातल्या पॅपिलोमा विषाणूचं) ई७ प्रथिन आरबीला चिकटतं, ई२एफ सुटतं आणि एस टप्प्याची जनुकं चालू होतात.
- पी५३: अशी अवेळी घाई झाली की हे पेशीला थांबवतं किंवा मारतं. म्हणून एचपीव्हीचं ई६ प्रथिन त्याचा नाश घडवून आणतं.

एसव्ही४० या माकडांतल्या विषाणूचा लार्ज टी अँटिजेन (त्याचं एक प्रथिन) दोघांनाही एकटाच जखडतो. १९७९ मध्ये पी५३ सापडलं, ते याच अँटिजेनला चिकटलेलं!

नवखे हमखास ई६-ई७ ची अदलाबदल करतात. राउस सार्कोमा या रेट्रोव्हायरसचं (आरएनएवरून डीएनए बनवणारा विषाणू) सार्क जनुकही याच पंगतीत बसवतात; ते मुळात पेशीचंच, विषाणूने उचललेलं. रेट्रोव्हायरस वेगळे शिका, नंतर. आणि एचपीव्हीचा संसर्ग म्हणजे कर्करोग असं कधीच लिहू नका, बहुतेक संसर्ग आपोआप जातात.

सायक्लिनांची (पेशीचक्र पुढे नेणाऱ्या प्रथिनांची) यादी पुढच्या महिन्यात. अडलं तर बिनधास्त विचारा.