समोरचा रेकॉर्ड करतोय का, हे कळत नसतं भो

प्रिय भो,

तुझा मेसेज वाचला. व्हिडिओ कॉल चालू असताना समोरचा रेकॉर्डिंग करतोय हे कसं ओळखायचं, असं विचारलंस. सरळ सांगतो, व्हॉट्सॲपवर ओळखता येत नाही. झूम नाहीतर गुगल मीटचं स्वतःचं रेकॉर्डिंगचं बटण दाबलं तर सगळ्यांना सूचना जाते, पण तिथेही कोणी आपल्या मोबाईलचा स्क्रीन रेकॉर्डर लावला किंवा दुसरा मोबाईल स्क्रीनसमोर धरला तर कोणाला काय पत्ता लागणार?

दुकानात कोणी विचारलं की मी करूनच दाखवतो. काउंटरवर दोन फोन, एकावरून दुसऱ्याला व्हिडिओ कॉल, मग एका फोनची वरची पट्टी खाली ओढून स्क्रीन रेकॉर्डर दाबायचा. त्या फोनवर सेकंद पळायला लागतात आणि दुसऱ्यावर काहीच नाही, ना आवाज ना मेसेज. गिऱ्हाईक तो फोन उलटासुलटा करून बघतं, मंग गप्प होतं. हे बटण आयफोनला २०१७ पासून आहे आणि ॲंड्रॉइडलाही ११ नंबरच्या व्हर्जनपासून आतच येतं, वेगळं ॲप टाकायची गरजच राहिली नाही.

तू म्हणशील व्हॉट्सॲप तर एंड टू एंड एनक्रिप्टेड आहे. आहे ना, खोटं नाही. पण ते कुलूप रस्त्यापुरतं, म्हणजे भुसावळहून निघालेली पेटी जळगावपर्यंत मधे कोणी उघडू शकत नाही, पण जळगावात ज्याच्या नावाने पाठवली तो उघडणारच की.

म्हणून कॉल रेकॉर्ड होतोय असंच धरून चालायचं आणि आपण काय दाखवतोय ते बघायचं. परवा तू मला कॉल केलास तेव्हा तुझ्या मागे पतसंस्थेचं कॅलेंडर होतं, त्यावर गावाचं नाव ठळक, आणि दाराच्या खिळ्याला कॉलेजचं आयकार्ड लटकलेलं. मला माहितीच आहे रे सगळं, पण अनोळखी माणसाला एवढ्यावरून तुझं घर सापडेल. ताईच्या स्थळांचं पण तेच. मुलगा सुरतला नाहीतर पुण्याला कामाला, म्हणून पहिलं बघणं कॉलवरच होतं, आणि बायोडाटात जन्मतारीख, आप्पांचं नाव, नंबर सगळं आधीच गेलेलं असतं. पहिल्या कॉलला घरातलं मोठं कोणीतरी शेजारी बसू दे, आणि मुलगा म्हणाला एकटीच बोल, रात्री बोल, तर त्या स्थळाला तिथेच रामराम.

आता खरा धोका. ओळखपाळख नसलेल्या मुलीची फ्रेंड रिक्वेस्ट, दोन दिवस गोड बोलणं, मग रात्री व्हिडिओ कॉल. स्क्रीनवरची मुलगी बऱ्याचदा आधीच शूट केलेली क्लिप असते, पलीकडे बाप्याच बसलेला असतो आणि त्याला पाहिजे फक्त तुझा चेहरा, तेवढ्यावर एडिटिंग करून पण काम भागतं. मग तुझ्या मित्रयादीचा स्क्रीनशॉट येतो, पैसे टाक नाहीतर सगळ्यांना पाठवतो. एकदा टाकले की हा देतो हे त्यांना कळलं, मग थांबत नाहीत, वरून दुसराच कोणी दिल्ली पोलीस म्हणून फोन करतो, केस मिटवायची तर एवढे द्या. सगळे एकाच टोळीतले. त्यांचा धंदा गावभर होईल या भीतीवर चालतो, आणि आपल्याकडे ओट्यावरच्या गप्पा किती पळतात ते तुला सांगायला नको, म्हणून पोरं कर्ज काढून पैसे देतात पण घरी बोलत नाहीत. मला याचा फार राग येतो.

तसं झालंच तर पैसा द्यायचा नाही, चॅट डिलीट करायचं नाही. नंबर, प्रोफाईलची लिंक, यूपीआय आयडी सगळ्याचे स्क्रीनशॉट आधी, ब्लॉक नंतर. फेसबुकची मित्रयादी लपवून टाक. पैसे गेले असतील तर लगेच १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला फोन, सकाळची वाट बघायची नाही, कारण रक्कम खात्यातून पुढे सरकायच्या आत गोठवली तरच हाती लागते. नसतील गेले तरी सायबर क्राईमच्या सरकारी पोर्टलवर तक्रार टाक. क्लिप पसरायची भीती असेल तर स्टॉपएनसीआयआय नावाची फुकट सेवा आहे, १८ च्या वरच्यांसाठी. तिथे व्हिडिओ अपलोड करायचा नसतो, तो आपल्याच फोनमध्ये राहतो, फक्त त्याचा एक कोड बनून फेसबुक, इन्स्टाग्रामसारख्या कंपन्यांकडे जातो आणि त्यांच्याकडे तीच क्लिप आली की पकडता येते. १८ च्या आतल्यांसाठी तशीच टेक इट डाऊन नावाची सेवा आहे.

आणि एक तुझ्याबद्दल, रागवू नको. तुमच्या ग्रुपवर मुलींच्या कॉलचे स्क्रीनशॉट फिरतात हे मला माहीत आहे. कोणाचा खाजगी भागाचा फोटो संमतीशिवाय काढला किंवा पाठवला तर आयटी कायद्याच्या ६६ई कलमाखाली तीन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, नाहीतर दोन्ही होऊ शकतं. भारतीय न्याय संहितेचं ७७ कलम तर म्हणतं, बाईने असा फोटो काढायला हो म्हटलं असेल पण दुसऱ्याला पाठवायला नाही, तरी पाठवणं गुन्हाच. नुसता फॉरवर्ड केला असं सांगून कोणी सुटत नाही.

व्हॉट्सॲपच्या सेटिंगमध्ये प्रायव्हसी, त्यात कॉल्स, तिथे अनोळखी नंबरची रिंग बंद करायचं बटण आहे, ते आजच दाब. आप्पांच्या फोनमध्ये पण दाबून दे, असे कॉल त्यांच्या वयाच्या माणसांनाही येतात आणि ती माणसं तर कोणालाच सांगत नाहीत.

तुझा,
दुकानवाला काका