शिंगरू दहा तासांचं आहे, उभं राहतं पण सुस्त वाटतं, सडाला नीट लागत नाही. डॉक्टरांना सकाळी बोलावलं तर चालेल का?

नाही चालणार. आधी फोन करा, मग हे वाचा.

उभं राहायला एक तास, प्यायला दोन, वार (प्रसूतीनंतर पडणारी झार) पडायला तीन, हा हिशोब तुम्हाला माहीत असेलच. तुमचं दहा तासांवर गेलंय.

आमच्याकडे खेड तालुक्यात घाटात (शर्यतीच्या धावपट्टीवर) बैलगाड्यापुढे पळवायला घोड्या पाळतात. आमच्या चुलत्यांनी, नानांनी, सारंगखेड्याच्या यात्रेतून एक कुमैत घोडी आणली होती. ती पहाटे व्याली, शिंगरू तासाभरात उभं राहिलं, सगळे खूश. मी म्हटलं, आता कासेला लावा. तर नाना म्हणाले, "आधी वार पडू दे. त्याआधी चीक (व्याल्यानंतरचं पहिलं घट्ट दूध) पाजला तर वार आत अडकते." आणि शिंगरू बाजूला बांधून ठेवलं. गोठ्यातला हा जुना नियम गाईलासुद्धा खोटाच आहे. पिल्लू लुचलं की आईच्या अंगात ऑक्सिटोसिन सुटतं, गर्भाशय आकसतं, वार सुटायला उलट मदतच होते.

घोडीच्या बाबतीत तर हा सरळ खून आहे. तिची प्रतिद्रव्यं वारेतून शिंगराकडे जातच नाहीत म्हटलं तरी चालेल. जे काही मिळतं ते चिकातून. आणि ती आतड्यातून रक्तात जायची सोय पहिल्या सहा-आठ तासांत चांगली असते, २४ तासांत बंद होते. मग पाजा हवा तेवढा चीक!

वार दुपारी पडली, तोवर शिंगरू मान टाकायला लागलं होतं. संध्याकाळी बघतो तर घोडीची कास तटतटलेली, सडातून दूध गळतंय आणि शिंगराच्या कपाळावर दूध वाळलंय. नाना म्हणतात, "बघ, पिऊन तृप्त झालंय." अहो, कपाळावर दूध म्हणजे ते कासेखाली नुसतं उभं होतं, सड तोंडात घेतलाच नव्हता. धडधाकट शिंगरू तासाला पाच-सात वेळा लुचतं, कास तटू देत नाही. पुढे सांधे सुजले. डॉक्टर आले तेव्हा जंतू रक्तात भिनले होते. गेलं. घरात आजही "दृष्ट लागली" असंच सांगतात आणि दर लग्नकार्यात आमचं यावरून वाजतं.

तर तुमचं. कास तटलीय का बघा. ताप बघा, १०२ फॅरनहाइटच्या वर वाईट आणि ९९ च्या खाली त्याहून वाईट, घोंगडीत गुंडाळा. काळा मळ पडला का, की शेपटी उचलून नुसतं कुंथतंय? एक-दोन दिवसांनी पोट फुगून लघवीला कुंथायला लागलं, त्यातही नर असेल, तर मूत्राशय फुटलेलं असू शकतं. डॉक्टरांना रक्तातली प्रतिद्रव्यं तपासायला सांगा. कमी निघाली तर शिरेतून प्लाझ्मा द्यावा लागतो.

हो, एक राहिलं. मी चीक चीक करतोय म्हणून बाटली घेऊन बसू नका. लुचण्याची ताकद नसलेल्या शिंगराच्या तोंडात ओतलं तर ते फुप्फुसात जातं. चीक स्वच्छ भांड्यात पिळून ठेवा, डॉक्टर नाकातून नळी घालून पाजतील. आणि प्यायल्यावर दिवस-दोन दिवसांत हिरड्या पिवळ्या पडल्या तर आईचंच दूध बाधतंय, ते पाजणं लगेच थांबवा. खेचराच्या पिलांत हे जास्त दिसतं. (नानांना हे सांगू नका.)

वार पुरू नका, बादलीत झाकून ठेवा. डॉक्टर ती पसरून पूर्ण आहे का बघतात. तुकडा आत राहिला तर घोडी जाऊ शकते. वारेची काळजी करायची ती एवढ्यासाठी, शिंगराला उपाशी ठेवायला नाही. अजून पडलीच नसेल तर फोनवर तेही आधी सांगा.