मोतीची काठी

प्रिय सई,

काल मोती तोंडात काठी घेऊन फाटकापर्यंत आला आणि मी नेहमीसारखी ती तिथेच टाकायला लावली. तू विचारलंस, "आई, हे जंगल काही आपल्या देवीचं नाही. मग तू घाबरतेस कुणाला?" तेव्हा मला उत्तर सुचेना. प्रश्न मात्र लागला गं, म्हणून लिहितेय.

माझ्या आजोळी सातेरी देवीच्या राईत शिरताना चपला बाहेर काढायच्या. आत भर दुपारी अंधारलेलं, गारंबीचे वेल मांडीएवढे जाड, आणि वाळकी लाकडं नुसती पडून. आजी मात्र सरपणाला टेकडीपलीकडे जायची आणि भारा घेऊन याच राईच्या कडेने परतायची. एकदा मी आतली काटकी उचलली. आजी ओरडली नाही. तिने भारा खाली ठेवला, माझ्या हातातली काटकी घेऊन होती तिथे ठेवली, म्हणाली, "ती देवीची गो, बाय." मग भारा पुन्हा डोक्यावर चढवायला हात लावणारं कुणी नव्हतं, मी एवढीशी. गुडघा टेकून, दगडाच्या आधाराने कशीबशी उठली ती.

भीती होती का? असणारच. आणि नुसत्या भीतीने सगळं राखलं गेलं असंही नाही. देवळाच्या जीर्णोद्धारासाठी कौल लावून राईतली जुनी झाडं तोडल्याचं कोकणात बऱ्याच गावांत घडलंय. ते मला खटकतं. पण आमच्या राईतला झरा एप्रिलातही वाहायचा. विहिरी तळाला गेल्या की सगळ्या बायकांचे हंडे तिकडेच.

इथे इंग्लंडात, चिल्टर्न्सच्या टेकड्यांत मार्च आला की मला ती राई आठवते. बीचच्या झाडांना पालवी फुटायच्या आत, ऊन जमिनीपर्यंत पोचतंय तोवर, पांढरी अ‍ॅनिमोनी फुलून घेते. संध्याकाळी मिटते, तू पाहिलीयस. ती शंभर वर्षांत जेमतेम सहा फूट पसरते म्हणतात. ब्लूबेलच्या निळ्या फुलांची पानं तर आत्ताच वर आलीत, तुडवली की त्यांचे कंद खंगतात. म्हणून मोतीला पट्टा. इथे जागामालकाच्या परवानगीशिवाय कंद उपटायला १९८१ च्या कायद्यानेच बंदी आहे. पडलेल्या काठीला मात्र कुणी हरकत घेणार नाही, हे मला कळतं.

मग मी घाबरते कुणाला? देवीला नसावं. आजी बघत असेल, असं अजून वाटतं बहुतेक.

तुला हे पाळायलाच हवं असं नाही. ऑगस्टमध्ये गावी गेलो की आप्पामामा राईत नेईल. पावसात जळवा असतात, तेव्हा चपला काढायच्या की नाही ते तूच ठरव. मामा काही म्हणणार नाही. मामी म्हणेल, तिच्याकडे मी बघते.

तुझी,
आई