निरपराध माणूस न केलेला गुन्हा कबूल का करेल? आणि केलाच तर कोर्टात खरं बाहेर येत नाही का?

मारून कबूल करून घेतात ते वेगळं, तुम्ही विचारताय की हातही न लावता कोणी स्वतःच्या गळ्यात फास का अडकवून घेईल. मी वकील वगैरे नाही, अशा केसेस वाचायचा नाद आहे एवढंच, आणि मलाही आधी हे पटायचं नाही.

१९८९ ची न्यूयॉर्कची सेंट्रल पार्क केस बघा. जॉगिंगला गेलेल्या बाईवर बलात्कार आणि जीवघेणा हल्ला, पकडली पाच पोरं, १४ ते १६ वर्षांची. तासन् तास चौकशी झाल्यावर त्यातल्या चौघांनी कॅमेऱ्यासमोर कबुली दिली, पण काय म्हणून, तर मी होतो तिथे पण मुख्य काम बाकीच्यांनी केलं, कारण प्रत्येकाला वाटत होतं एवढं बोललो की घरी सोडतील. त्या खोलीत बसलेल्या माणसाला १० वर्षांनंतरचा तुरुंग दिसतच नाही हो, त्याला समोरचं दार दिसतं.

गंमत म्हणजे (गंमत कसली) निरपराध असणंच इथे नडतं. सॉल कॅसिन नावाच्या मानसशास्त्रज्ञांनी एका सहकाऱ्याबरोबर २००४ मधे लुटुपुटुच्या चोरीचा प्रयोग छापला होता, त्यात गप्प बसायचा हक्क सोडून बोलायला तयार झालेले "दोषी" होते ३६ टक्के आणि निर्दोष ८१ टक्के! मी काही केलंच नाही तर मला कसली भीती, हा तो विचार. वकील बोलावला तर उलट संशय येईल असंही वाटतं लोकांना.

मग तुम्ही म्हणाल की गुन्ह्याचे बारीकसारीक डिटेल्स त्याला कुठून कळले. तर बऱ्याचदा विचारणाऱ्याकडूनच, प्रश्नातूनच, दाखवलेल्या फोटोंतून, चुकलं की "नीट आठव" म्हणून, आणि पोलिसाला स्वतःलाही कळत नाही की आपण उत्तर पुरवतोय. म्हणून फक्त शेवटची कबुली शूट करून उपयोग नाही, पहिल्या मिनिटापासूनचं रेकॉर्डिंग पाहिजे.

आता कोर्टाचं. सेंट्रल पार्कमधे डीएनए पाचांपैकी एकाशीही जुळला नव्हता, हे खटल्यातच माहीत होतं, तरी शिक्षा झाली, म्हणजे काय तर आणखी एक जण पळाला असेल असं सरकारी वकील म्हणाले. २००२ मधे खऱ्या गुन्हेगाराने तुरुंगातून स्वतः सांगितलं आणि डीएनए त्याचा निघाला तेव्हा कुठे शिक्षा रद्द झाल्या. एकदा कबुली आली की बाकीचा पुरावा तिच्या मापाने कापला जातो.

याचा कळस म्हणजे जपानचे इवाओ हाकामादा. १९६६ मधे मिसोच्या (म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनच्या पेस्टच्या) कारखान्यातल्या मॅनेजरच्या घरातले चार जण मारले गेले, त्यात हे पकडले गेले, सुमारे २० दिवस रोज सरासरी १२ तास चौकशी आणि मग कबुली. खटल्यात त्यांनी ती लगेच नाकारली. ४५ जबाबांपैकी ४४ कोर्टाने स्वतःच बाद केले, एक ठेवला. त्या कबुलीत गुन्ह्याच्या वेळी अंगात पायजमा होता, वर्षभराने मिसोच्या टाकीत भलतेच रक्ताळलेले कपडे सापडले, तर गोष्टच बदलली. पँट त्यांना चढेना तर म्हणे मिसोत आटली! १९६८ मधे फाशीची शिक्षा. मुख्यतः कपड्यांवरच्या रक्ताच्या डीएनए तपासणीमुळे सुटका व्हायला २०१४ उजाडलं, वर्षभर मिसोत राहिलेलं रक्त लाल राहणार नाही हा मुद्दा धरून फेरखटल्याला हिरवा कंदील मिळाला २०२३ मधे, आणि कपड्यांचा पुरावा बनावट होता असं म्हणत कोर्टाने निर्दोष सोडलं ते सप्टेंबर २०२४ मधे, वयाच्या ८८ व्या वर्षी. निकाल ऐकायला ते स्वतः नव्हतेच, इतकी वर्षं रोज फाशीची वाट बघत काढल्यावर मनाची अवस्था तशी उरली नव्हती. त्यांच्या जागी ९१ वर्षांची बहीण, हिदेको, जाऊन बसली होती.