रेंज गेली की काय करायचं, ठरलंय का?

(वाचकांचे प्रश्न आणि ताईची उत्तरं. गेल्या अंकात "फोन बंद पडला तर?" असा विषय दिला होता, त्यावर आलेल्या पत्रांपैकी ही काही.)

प्रश्न: ताई, माझं माहेर दापोलीजवळच्या एका वाडीत आहे. निसर्ग वादळात आईबाबांचा आठवडाभर काही पत्ता नव्हता, त्यात लॉकडाऊन, निघून जाताही येईना, नुसती डोळे लावून बसले होते. आता भावाने दोघांना चांगले फोन घेऊन दिलेत, मोठी पॉवरबँक दिलीये आणि जुना लँडलाइन काढून फायबरचं कनेक्शन घेतलंय, त्याच्यावर फोनही आहे. भाऊ म्हणतो आता टेन्शन नाही. पण मे संपत आला की माझ्या पोटात गोळा येतोच. मी उगाच घाबरते का?
– दापोलीची लेक, पुणे

उत्तर: अजिबात उगाच नाही. भावाने खर्च केला, छान केलं, पण हे सगळं फोनसाठी केलंय आणि तेव्हा बंद पडला होता तो टॉवर. ३ जून २०२० ला वादळ रायगडच्या किनाऱ्याला लागलं, माड-पोफळी आडव्या झाल्या, विजेचे खांब तर काडीसारखे वाकले आणि कितीतरी गावांत लाइट यायला आठवडे गेले हे तुम्हाला मी काय सांगायचं. टॉवरच्या पायथ्याशी बॅटऱ्या असतात, त्या काही तास ओढतात. मग जनरेटर असला तर त्याला डिझेल लागतं, आणि रस्त्यावर झाडं पडलेली असताना डिझेल घेऊन वर येणार कोण? शिवाय टॉवर चालू राहिला तरी त्याला मागून जोडणारी केबल तुटली असेल तर फोनवर दांड्या दिसतात आणि कॉल मात्र लागत नाही, माणूस वेड्यासारखा लावत बसतो. अशा वेळी फोन १०० टक्के चार्ज असून करायचं काय, फार तर टॉर्च म्हणून वापरायचा.

फायबरच्या फोनचं तर बऱ्याच जणांना माहीतच नसतं. जुना तांब्याच्या तारेवरचा फोन घरातली लाइट गेली तरी वाजायचा, कारण त्याला लागणारा करंट एक्स्चेंजच्या बॅटरीतून त्याच तारेने यायचा, ४८ व्होल्ट. फायबरमधून करंट येत नाही, घरातला मोडेमचा तो डबा आपल्या विजेवर चालतो. लाइट गेली, डबा बंद, फोन मुका. डब्याला छोटा यूपीएस मिळतो, तो घ्याच, रोजच्या लोडशेडिंगला बरा. पण केबल खांबावरूनच आली असेल तर वादळात खांबाबरोबर तीही जाणार हे धरून चाला.

मग काय करायचं, तर माणसं ठरवायची. मागच्या वेळी तुम्ही पुण्यातून लावत होतात, भाऊ दुसरीकडून, मावशी तिसरीकडून, आणि कुणाला काही कळलं का हे एकमेकांना विचारण्यात दिवस गेला असणार. त्यापेक्षा लांबची एकच व्यक्ती नक्की करा, नागपूरची आत्या म्हणा, जिथे तेच वादळ पोचणार नाही. ज्याला जे कळेल ते त्याने आत्याला सांगायचं, बाकीच्यांनी आत्यालाच विचारायचं. बाबांच्या खिशात आत्याचा नंबर कागदावर हवा, प्लास्टिकच्या पिशवीत. वाडीत कुठल्या चढावर रेंज येते ते तिथल्या पोराटोरांना पाठ असतं, तिथे जाऊन दोन मिनिटं रेंज मिळाली तर कॉल लावत बसायचं नाही, साधा एसएमएस टाकायचा. कमी रेंजमध्येही तो सरकतो, आणि समोरचा फोन बंद असेल तर थांबून राहतो आणि नंतर पोचतो.

तेही नाही जमलं तर चिठ्ठी. हसू नका. वाडीतून पहिली मोटरसायकल खेडला किंवा महाडला जाईल तिच्याबरोबर सगळ्या घरांची मिळून एक यादी द्यायची, कोण ठीक, कुणाचं छप्पर गेलं, कुणाची बीपीची गोळी संपली, आणि पुढे कुणाला कळवायचं त्याचा नंबर. रेंजमध्ये पोचला की त्या पोराने एकेकाला फोन करायचे. हे नंबर आत्ताच एका वहीत लिहून वही पोलीस पाटलांकडे ठेवली तर उत्तमच, वादळ झाल्यावर नंबर गोळा करायला जाल तर सगळे बंद फोनमध्ये अडकलेले असतील.

आणि एक गोष्ट तुमच्यासाठी, कारण तुमचा गोळा त्यानेच कमी होईल. किती वेळ वाट बघायची ते आईबाबांशी बोलून ठरवा. दोन दिवस काही कळलं नाही तरी घाबरायचं नाही, तिसऱ्या दिवशी सकाळी मी कंट्रोल रूमला तुमची नावं देणार, असं काहीतरी. जिल्ह्याच्या आपत्ती कंट्रोल रूमचा नंबर १०७७ आहे, पण पुण्यातून तो फिरवला तर पुण्याचीच माणसं उचलतील, म्हणून रत्नागिरीचा एसटीडी कोडसकटचा नंबर आजच लिहून घ्या. आईबाबांच्या फोनमध्ये नेटवर्क सिलेक्शन ऑटोमॅटिकवर आहे ना तेही बघा, कारण वादळात सरकार कधीकधी कंपन्यांना एकमेकांचं नेटवर्क वापरू द्यायला सांगतं आणि सेटिंग मॅन्युअल असेल तर शेजारच्याचा फोन लागतो नि आपला नाही.

शिवाय सेलवरचा एक ट्रान्झिस्टर. २८ एप्रिल २०२५ ला स्पेन-पोर्तुगालची वीज गेली तेव्हा तिथले लोक दुकानांतून हेच शोधत फिरत होते, रेडिओ आणि सेल. आपल्याकडे तो बहुतेक माळ्यावर पडलेला असतो, खाली काढा.

प्रश्न: आमच्याकडे दोन सिमचा फोन आहे, दोन वेगळ्या कंपन्या. मिस्टर म्हणतात हाच बॅकअप, एक गेली तर दुसरी. बरोबर आहे का?
– एक वाचक, सांगली

उत्तर: अर्धं बरोबर. कंपनीचाच घोळ असेल तेव्हा दुसरं सिम खरंच उपयोगी पडतं. पण एकाच टॉवरवर बऱ्याचदा दोन-तीन कंपन्यांचे अँटेना असतात, पुरात तो टॉवर गेला की दोन्ही सिम एकदमच जातात. आणि दोन सिम एकाच फोनमध्ये, तो फोन पाण्यात पडला की झालंच. दुसरं सिम साध्या बटणांच्या फोनमध्ये घालून कपाटात ठेवा, अधूनमधून चार्ज करा, रिचार्जही विसरू नका नाहीतर ऐन वेळी सिमच बंद झालेलं असायचं. तुम्ही सांगलीकर, पुराचं पाणी कुठवर चढतं ते तुम्हाला माहिती आहे, तेव्हा तो फोन वरच्या कप्प्यात.

प्रश्न: ताई, स्वारगेटला एसटीत चढताना माझा फोन मारला. पैसे सगळे यूपीआयमध्ये, खिशात एक रुपया नाही. एका काकांनी घरी लावायला फोन दिला तर मला आईचा नंबरच आठवेना! स्वतःचा तेवढा पाठ. त्याच काकांनी तिकीट काढून दिलं म्हणून घरी पोचले. दुसऱ्या दिवशी नवीन सिम मिळालं पण बँकेचा ओटीपी काही येईना, बँकेत जाऊन भांडून आले. परत असं झालं तर काय करू?
– इंजिनिअरिंगची विद्यार्थिनी, पुणे

उत्तर: अगं, भांडून उपयोग नव्हता. सिम बदललं की पहिले २४ तास त्याच्यावर एसएमएस बंद ठेवतात, चोराने तुझ्या नावाने सिम काढून खातं साफ करू नये म्हणून. म्हणजे फोन गेल्यावर दीड-दोन दिवस तुला ऑनलाइन पैसे मिळणारच नाहीत असं समजून तयारी कर. फोनच्या कव्हरमध्ये ठेवतात तशी नोट ठेवू नकोस, फोनबरोबर तीही जाते. सॅकच्या आतल्या कप्प्यात शंभर-पन्नासच्या नोटांचे पाचएकशे रुपये ठेव, पाचशेची एक नोट नको, कंडक्टर सुट्टे मागतो. आणि फोन चोरीला जायलाच हवा असं थोडंच आहे, १२ एप्रिल २०२५ ला देशभर यूपीआयच अडकलं होतं, चहावाल्यासमोर लोक स्कॅनर धरून उभे.

नंबर तीन पाठ कर, आईचा, बाबांचा आणि एका मैत्रिणीचा, जी दुपारी फोन उचलते. एखाद्या रविवारी आईला फोन लावताना कॉन्टॅक्टमधून नाही, आकडे दाबून लाव, दोन आठवड्यांत बोटांना सवय होते.

आता फोन गेला त्या दिवशीचं. आधी कुणाच्या तरी फोनवरून सिम बंद करून घ्यायचं आणि बँकेला कळवायचं. पैसे गेलेले दिसले तर सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, १९३० ला, लगेच फोन, तिथे उशीर महागात पडतो. मग पोलिसांत तक्रार आणि तिची कॉपी घेऊन सरकारच्या संचार साथी पोर्टलवर फोन ब्लॉक करायचा. त्याला आयएमईआय लागतो, म्हणजे फोनचा स्वतःचा ओळख नंबर, तो आत्ता स्टार हॅश शून्य सहा हॅश दाबून बघ आणि वहीत लिही, खोक्यावरही असतो पण खोकं तू कधीच टाकून दिलं असणार. गुगल अकाउंटचे बॅकअप कोड मिळतात, दहा असतात, एकेक एकदाच चालतो. ते प्रिंट करून घरी ठेव, कारण नवीन फोनवर लॉगिन करताना गुगल विचारतं की जुन्या फोनवर "हो" दाबा, आणि जुना फोन तर त्या चोराकडे!

प्रश्न: यंदा सासूबाईंबरोबर मीही वारीला निघालेय, माऊलींच्या पालखीत. त्यांना फोन वापरता येत नाही. ह्यांचं म्हणणं की त्यांना एक फोन घेऊन देऊ, चुकामूक झाली तर कॉल कर. सासूबाई म्हणतात मला नको ते लोढणं. कुणाचं ऐकू?
– पहिल्यांदा निघालेली, बारामती

उत्तर: सासूबाईंचं. एकादशीला पंढरपुरात लाखो माणसं असतात, टॉवरची जेवढी ताकद तेवढेच कॉल जातात, फोनवर रेंज फुल्ल आणि कॉल काही जात नाही असं होतंच. आणि लागला तरी त्या गर्दीत, टाळ-मृदंगात सासूबाईंना रिंग ऐकू येणार आहे का?

वारीत चुकामुकीवरचा उपाय जुना आहे, दिंडी नंबर. फक्त तो पूर्ण सांगता आला पाहिजे. माऊलींच्या रथापुढे २७ दिंड्या चालतात आणि रथामागे त्याहून कितीतरी जास्त, आणि मागचे नंबर पुन्हा एकपासून सुरू होतात. त्यामुळे नुसतं "दिंडी नंबर बारा" सांगितलं तर विचारतील, पुढची की मागची? तुकोबांच्या पालखीच्या दिंड्या आणखी वेगळ्या. तेव्हा दोघींच्या पिशवीत एकेक कार्ड, त्यावर नाव, गाव, माऊलींची पालखी, रथापुढे की मागे, नंबर, सामानाच्या ट्रकचा नंबर आणि पंढरपुरातल्या मुक्कामाच्या मठाचं नाव. दिंडीवाले बहुतेक असं कार्ड देतातच, नाही दिलं तर मागून घ्या. हरवलेल्यांची नावं माइकवर पुकारतात तिथे हे कार्ड दाखवलं की काम होतं.

भेटायची जागाही नीट ठरवा. "वाळवंटात भेटू" म्हणजे कुठेच नाही भेटू, "देवळापाशी" तर त्याहून वाईट. मठाच्या दारात, संध्याकाळी अमुक वाजता, आणि जी आधी पोचेल तिने जागा सोडायची नाही, दुसरीला शोधायला निघायचं नाही. सासूबाई नाही हलणार, हलाल तुम्हीच, म्हणून सांगितलं.

प्रश्न: वय ७४. माझ्याकडे फोन नंबरांची जुनी डायरी आहे. नातू म्हणतो आजोबा, फेकून द्या, सगळं फोनमध्ये आहे. फेकू का?
– एक आजोबा, नाशिक

उत्तर: मुळीच नाही! एवढंच करा, एका दुपारी नातवाला शेजारी बसवा, त्यातले बंद झालेले लँडलाइन त्याच्याकडून खोडून घ्या आणि चालू मोबाइल नंबर त्याच्याच अक्षरात लिहून घ्या. त्याचा स्वतःचा नंबर त्यात आहे का तेही बघा, मला शंका आहे.